तिची थाळी कोरी राहिली

तुमच्या घरातलं तान्हं मूल सलग तासभर तुमच्या मांडीवर कधी होतं? बापांना विचारतोय. कामावरून आल्यावर पाच मिनिटं खेळवलं, फोटो काढला आणि शू केल्यावर परत दिलं, ते धरू नका.

मला याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी पत्रकांवर वाढलो. आईवडील दोघंही चळवळीत, त्यामुळं घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं हाताला लागली. बाईच्या कष्टांवर मी पहिलं भाषण केलं ते कॉलेजात. बायको तिथंच भेटली. ती भाषणं करत नसे, फलक रंगवत असे. आमच्या मोर्चांत जे फलक दिसायचे ते बहुतेक तिच्या हातचे. घोषणा मला सुचायची, पण रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या माणसाला ती वाचता यायची ते तिच्या अक्षरामुळं.

बाळंतपणाला ती कुरुंदवाडला माहेरी गेली आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत आली. पुढचे दोन महिने डोस द्यायला दवाखान्यात जाणं सोडलं तर ती घराबाहेर पडली नाही. मग एका सकाळी तिनं फोन माझ्यासमोर धरला. कसबा बावड्यातल्या एका नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये नव्या आईबापांसाठी मातीच्या थाळ्या रंगवायची कार्यशाळा होती. बाळाला घेऊनच या, असं त्यात लिहिलं होतं.

"रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत हे," मी म्हणालो.

"असू देत. मला थोडा वेळ ब्रश धरायचाय."

रविवारी गेलो. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, खिडकीच्या गजांना साडीच्या दोन झोळ्या बांधल्या होत्या आणि रंग बाळानं चाटले तरी अपाय होणार नाही असे होते. नियम सरळ होता. अर्धा वेळ एकानं रंगवायचं आणि दुसऱ्यानं मूल सांभाळायचं, घंटा वाजली की अदलाबदल. बाळाला पाजायचं होतं, म्हणून ती म्हणाली, "तू आधी बस." मी बसलो आणि माझ्या थाळीवर उगारलेली मूठ काढायला घेतली. शेजारचा बाप बराच वेळ बघत होता.

"वांगं झकास आलंय की," तो म्हणाला.

घंटा वाजली. बायको बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यामागं येऊन उभी राहिली. मोकळ्या हातानं तिनं ब्रश उचलला आणि निळ्या रंगात बुडवलाही. नेमकं तेव्हाच कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या कुंभारणीकडं बोट दाखवलं. "या आपल्या मावशी. सगळ्या थाळ्या यांनीच केल्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझी थाळी उलटी करून पाहिली. खाली चिकटवलेल्या कागदावर नाव होतं ते कार्यशाळा घेणाऱ्या बाईंचं.

मी उठून उभा राहिलो. "मावशींना नाव नाही का?"

कुंभारणीनं नाव सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला आतून चेव चढला होता. माती कोण मळतं, भट्टीच्या धगीत कोण उभं राहतं, घरातल्या बाईचे कष्ट कसे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, सगळं बोललो. मागून बायको दोनदा हळू आवाजात म्हणाली, "घेतोस का याला?" दोन्ही वेळा मी न वळता मागं तळहात दाखवला. थांब जरा.

"मीटिंग हाय का काय, पावणं?" कुणीतरी म्हणालं. चारदोन जण हसले. बाईंनी मात्र पडेल चेहऱ्यानं कबूल केलं की, इथून पुढं मावशींचं नाव लिहू. मी जिंकलो होतो.

मग म्हातारी बोलली.

"पावणं, माझं नाव घेतलासा, बरं वाटलं. पर ती पोर मघाधरनं ब्रश घेऊन हुबी हाय. लेकरू तुमचंच हाय न्हवं?"

मी वळलो. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि ब्रशच्या केसांवर निळा रंग वाळून कडक झाला होता. मी हात पुढं केले तोवर शेवटची घंटा वाजली. दारात पुढच्या गटाची पोरं रडत होती. तिनं ब्रश पाण्यात ठेवला आणि कोरी थाळी पिशवीत टाकली.

रिक्षात मी म्हणालो, "निदान नाव तरी लिहायचं कबूल केलं त्यांनी."

"बरं झालं."

"तू काय काढणार होतीस?"

"आता काय," ती म्हणाली आणि बाळाच्या टोपीचे बंद नीट करत बसली.

माझा मुद्दा खरा होता. आजही तो मला खराच वाटतो, आणि त्यानंच जास्त लाज वाटते. खोटं बोललो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो.

इथवरच झालं असतं तरी पुरे होतं. त्याच संध्याकाळी मी या प्रकरणावर पत्रक लिहिलं आणि मथळा काढून द्यायला कागद तिच्यासमोर ठेवला. 'कष्ट करणारीचं नाव घ्या.' तिनं तो काढून दिला. ठसठशीत, नेहमीसारखा. ती लिहीत असताना मूल तिच्याच मांडीवर होतं आणि मी समोर बसून वेलांटी जरा मोठी कर म्हणून सांगत होतो. ते पत्रक मी वाटलंही. लोकांनी मथळ्याचं कौतुक केलं, ते मी घरी येऊन तिला सांगितलं.

कोरी थाळी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवते. मी तिला दोनदा म्हणालो, रंग आणून देतो. ती म्हणाली, "आणशील. धरणार कोण याला?"

तर एवढंच करा. अशा ठिकाणी गेलात तर आधी तिला बसवा. मूल तुम्ही घ्या. ते रडेल, हात ओढेल, अंगावर दूध काढेल. त्याला घेऊन बाहेर जिन्यात जा आणि तिच्या थाळीवरचा रंग वाळेपर्यंत आत येऊ नका. आणि अशा कार्यशाळेची वाट बघू नका. हा कागद आता खाली ठेवा, घरात मूल कुणाकडं आहे ते बघा आणि जाऊन मागून घ्या.