मोरेश्वरची 'आई' आणि माझं 'हो'

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणापासून सगळं तिखटमीठ लावून सांगते, तो पेपर वाचत असला तरी. हे मात्र ओठांपर्यंत यायचं आणि मी चहा टाकायला उठायचे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढा फायदा घेते आहे म्हणा हवं तर.

गोष्ट तशी एवढीशी आहे. मी एका माणसाला दोनदा 'हो' म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पूर्ण लक्ष होतं. पण आधी मोरेश्वरबद्दल सांगायला हवं — की मी परत टाळते आहे? टाळत असेन. तरी सांगते, कारण तो माणूस कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार. ठाण्याला नौपाड्यात, चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, सहा माणसं. पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. रक्त तपासून आलेला आकडा टाकला की शेजारी 'नॉर्मल किती असावं' ते आपोआप छापून यायचं. मी डोंबिवलीची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, पंचवीस वर्षांची आणि स्वतःला भलती शहाणी समजणारी. मोरेश्वर ऑपरेटर. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. बारावीनंतर टायपिंग शिकला, टायपिंगवरून डेटा एन्ट्रीला आला. मोठा असून मला ताई म्हणायचा, आणि मी त्याला नावानेच हाक मारायचे, वर 'तुम्ही' लावून.

त्याच्या डब्यातली जवळ्याची चटणी मी पहिल्यांदा खाल्ली ती 'नुसती चव बघते' म्हणून. आमच्या घरी अंडं आणलं तर आईने गंगाजल शिंपडलं असतं. त्यानंतर दर बुधवारी एक छोटी स्टीलची डबी माझ्या ड्रॉवरमध्ये गुपचूप यायची. त्याची आई पाठवायची — "त्या बामणाच्या पोरीला दे, सुकलीय बिचारी." मी सुकले नव्हते, पण डबी कधी परत केली नाही.

आता कामाचं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायची म्हणजे आमच्याकडे लग्नघर असायचं. आम्ही तिघे प्रोग्रामर आपापल्या फ्लॉप्या घेऊन मोठ्या मशीनपाशी जमायचो. सगळ्यांच्या फाइली त्यात घालायच्या, कंपाइल करायच्या — म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात उतरवून घ्यायच्या — चालवून बघायचं, मग लॅबना द्यायच्या फ्लॉप्या काढायच्या. दर वेळी कुणीतरी काहीतरी विसरायचं. कधी जुनीच फाइल जायची, कधी एक फाइल जायचीच नाही. मग लॅबचा फोन, आणि सर, म्हणजे आमचे मालक, कपाळाला हात लावून बसणार.

मोरेश्वर हे सगळं बघत होता. आमचीच पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचून त्याने एक गोष्ट तयार केली. तिचं नाव त्याने 'आई' ठेवलं. इंग्रजीत 'आई' टाइप करून एंटर दाबायचं — बस. मग ती सगळ्यांच्या फाइली बघायची, कुठली बदलली ते शोधायची, तेवढीच नव्याने कंपाइल करायची, वीस खोट्या पेशंटचे रिपोर्ट काढून जुन्या रिपोर्टांशी ताडून बघायची. काही बिघडलं असेल तर स्क्रीनवर यायचं, 'परत बग'. सगळं ठीक असेल तर फ्लॉपी तयार व्हायची आणि यायचं, 'जा बाला'.

मी विचारलं, हे काय नाव? तर म्हणाला, आमची आई मासळीची पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी एकेक म्हावरं उलटंपालटं करून बघते. खराब निघालं तर 'परत बग' म्हणते, आणि आम्हाला शाळेत पाठवताना 'जा बाला' म्हणायची. झालं. महिन्याभरात ऑफिसात सगळे तसंच बोलायला लागले. "आई काय म्हणाली?" "आईने परत पाठवलंय." सरसुद्धा. आजही कुठे नवीन पोरं सांगतात ना, आमच्याकडे सगळं आपोआप तपासून आपोआप जातं, तेव्हा मी मान डोलावते. आमच्याकडे हे आई करत होती, बाळांनो.

पण सरांच्या मेहुण्याने परदेशातून एक टूल आणलं होतं. तेही हेच काम करणारं, निळ्या खोक्यातलं, सोबत दोन जाडजूड पुस्तकं. ती पुस्तकं वाचून टूल चालवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हुरळून गेले. आता ऑफिसात दोन झाले. सर म्हणाले, दोन महिने आलटून पालटून दोन्ही वापरा, जे कमी चुकेल ते ठेवू. आणि सगळ्यांदेखत म्हणाले — आई ठरली तर मोरेश्वर पहिल्या तारखेपासून प्रोग्रामर.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने लगेच खाली मान घातली आणि कीबोर्ड पुसायला घेतला.

मला मोरेश्वर फार आवडायचा. आणि तो प्रोग्रामर झालेला मला नको होता. दोन्ही खरं आहे, काय करू? मी वडिलांच्या मागे लागून डिप्लोमा केला, पहाटे उठून क्लासला गेले — आणि हा जेवणाच्या सुट्टीत शिकून माझ्या शेजारच्या खुर्चीत? असं मी मनातसुद्धा स्पष्ट म्हणायचे नाही. मनात म्हणायचे, 'शेवटी घरगुती ते घरगुतीच.'

दोन महिने संपत आले तोवर आई एकदाही चुकली नव्हती. खोक्यातलं टूल दोनदा अडकलं होतं, माझ्यामुळेच — पुस्तक मला वाटलं होतं तेवढं कळलं नव्हतं. शेवटच्या आवृत्तीची पाळी आईची होती.

इथे त्या मोठ्या मशीनची एक खोड सांगायला हवी. त्याच्या घड्याळाचा सेल मेला होता. मशीन बंद होऊन सुरू झालं की ते तारीख विचारायचं, मग वेळ विचारायचं. आपण घातली तर ठीक. नुसतं एंटर, एंटर दाबलं तर ते बापडं समजायचं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. आणि आम्ही सगळे काय करायचो? एंटर, एंटर. एकटा मोरेश्वर ओरडायचा. त्याने मशीनवर कागद चिकटवला होता, 'तारीख घाला'. कारण त्याची आई फाइलीची तारीख बघूनच ठरवायची की ही नवी की जुनी. फाइल कंपाइल केलेल्यापेक्षा नवी असेल तर परत कर, जुनी असेल तर हात लावू नको.

तो शनिवार होता, अर्धा दिवस. कल्याणच्या एका लॅबच्या डॉक्टरांची तक्रार होती की लहान मुलांच्या हिमोग्लोबिनपुढे मोठ्या माणसांचा नॉर्मल आकडा छापला जातोय. ती दुरुस्ती माझी. मी मोठ्या मशीनवर बसलेले, तेवढ्यात लाइट गेली. मोरेश्वर खाली कोऱ्या फ्लॉप्या आणायला गेला. लाइट आली, मशीन सुरू झालं, तारीख विचारली. मी — एंटर, एंटर. सवयीने. दुरुस्ती केली, सेव्ह केली, उठले. तो जिना चढून आला, दारातूनच विचारलं, "ताई, तारीख घातली ना?" मी पर्स शोधत होते. म्हटलं, "हो हो."

हे पहिलं 'हो'. यात गुन्हा नाही, फक्त गलथानपणा.

त्याने आई चालवली. माझी फाइल ऐंशी सालची, म्हणजे जुनी. आईने तिला हात लावला नाही. रिपोर्ट जुन्याशी ताडून बघितले. सगळं जुनंच होतं, तर जुळणारच. 'जा बाला'. मोरेश्वर ती फ्लॉपी घेऊन स्वतः कल्याणला देऊन आला.

सोमवारी सकाळी फोन आला. सात वर्षांच्या एका मुलीच्या रिपोर्टवर तोच मोठ्यांचा आकडा छापलेला. तिची आई तो कागद वाचून, पोरीचं रक्त फार कमी आहे असं समजून, दवाखान्यात रडत बसली होती, डॉक्टरांनी पेनने खोडून समजावेपर्यंत. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोरेश्वर आला की आत पाठवा."

तो यायला वीस मिनिटं होती. मी मोठ्या मशीनवर बसले, फाइलींची यादी काढली, आणि माझ्या फाइलीपुढे दिसलं — एक, एक, ऐंशी. क्षणात सगळं कळलं. आता मला सांगा, त्या वेळी काय अवघड होतं? उठायचं, सरांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, चूक माझी, मी तारीख घातली नाही. सर दोन शब्द बोलले असते. दुपारपर्यंत विसरलेही असते.

मी तारीख घातली. शनिवारची. सोमवारी सकाळी मी मशीनला शनिवारची तारीख आणि दुपारी बाराची वेळ घातली, माझी फाइल उघडली, एक स्पेस दिली, एक स्पेस खोडली, सेव्ह केली. मग मशीनला परत सोमवार दिला. आता यादी बघणाऱ्याला दिसणार काय? माधवीने, म्हणजे मी, शनिवारी वेळेवर नवी फाइल ठेवली होती, आणि आईने ती घेतलीच नाही.

मोरेश्वर आला. सरांच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा घामेजलेला होता. त्याने यादी काढली, बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, रागवू नका. त्या दिवशी लाइट गेल्यावर तारीख घातलेली ना तुम्ही?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो."

त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला, लगेच, पूर्ण. मग त्याने आई परत चालवून बघितली आणि अर्थातच तिने सगळं बिनचूक केलं. याचाच त्याला त्रास झाला. आत्ता करते, मग शनिवारी का नाही केलं? पुढचे कितीतरी आठवडे तो जेवणाच्या सुट्टीत आईची छापील पानं घेऊन बसायचा, पेन्सिलीने ओळ न ओळ तपासायचा. नसलेली चूक शोधत होता हो तो. मी समोर बसून चटणी खात होते.

सरांनी खोक्यातलं टूल ठेवलं. मोरेश्वर ऑपरेटरच राहिला. एकदा हसत म्हणाला, "आय म्हातारी झाली ताई, तिचं काय खरं नाय." आणि त्याने ती मशीनमधून काढून टाकली.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. निळ्या खोक्यातलं टूलही तारीख बघूनच चालायचं. तेही तस्संच फसलं असतं. पण त्यानंतर मी एकही दिवस तारीख घालायला विसरले नाही, त्यामुळे ते कधी चुकलं नाही, आणि माझं नाव झालं. दोन वर्षांत मी सिनियर प्रोग्रामर.

मोरेश्वर तोवर नोकरी सोडून आंबिवलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागला होता. जाताना रुसवा नाही, काही नाही. माझ्या लग्नाला आईला घेऊन आला. त्या माऊलीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

जाण्याआधी त्याने नव्या ऑपरेटर मुलीसाठी एका वहीत सगळं काम लिहून ठेवलं होतं, मशीन सुरू करण्यापासून फ्लॉपीवर लेबल लावण्यापर्यंत, त्याच्या त्या टपोऱ्या अक्षरात. दुसऱ्याच दिवशी ती मुलगी वही उघडून माझ्यापाशी आली. म्हणाली, मॅडम, यात लिहिलंय की रोज सकाळी तुम्हाला विचारायचं. मी वही बघितली. तिसरी ओळ होती — 'तारीख घातली का, हे माधवीताईंना विचारावे. त्या हो म्हणाल्या की परत बघू नये.'

ती मुलगी तीन वर्षं रोज सकाळी विचारायची आणि मी हो म्हणायचे. ती ओळ मी खोडली नाही.

त्या शनिवारी मी तारीख घातली नव्हती.