आगीच्या आधी पोचणारी माणसं

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण "साहेब, एखादी केस सांगा ना," असं कुणी म्हटलं की अजूनही सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतं ते सिंधुदुर्गातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जळालेलं गवत. गाव किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण त्यातली सगळी माणसं अजून तिथेच आहेत आणि रोज मासळी बाजारात एकमेकांना भेटतात.

मी घाटावरचा. पोलीस निरीक्षक म्हणून तिथे हजर झालो तेव्हा मालवणी मला निम्मी कळायची. उरलेली निम्मी माझे हवालदार समजावून सांगत. ते तिथल्याच कट्टा गावचे. ठाण्याचं काम बेताचं होतं. पर्यटकांच्या गाड्या, माडांच्या हद्दीवरून भांडणं, चोरटी दारू, संपलं.

त्या वर्षी थंडी सरली आणि गावात आगी लागू लागल्या. मोठ्या नव्हेत. कधी सड्यावरचं वाळकं गवत, कधी बागेच्या कडेचा पालापाचोळा. प्रत्येक आगीनंतर स्थानिक वर्तमानपत्रात फोटो यायचा. काळी जमीन, थोडा धूर आणि पुढे एका सेवाभावी क्लबचे सभासद, पिवळ्या टी-शर्टमध्ये. मथळा ठरलेला : 'क्लबच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला.' मधोमध अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर होते आणि स्वतःचे दात दाखवण्यात त्यांना कसलाही संकोच नव्हता. नगरपरिषदेचा आगीचा बंब मात्र एकाही फोटोत नसे.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने थोडं ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे सड्यालगत राहणाऱ्या एक आजी होत्या.

"साहेब, ह्या आगीचा सांगूचा होता. आमच्या हयसर पयले टी-शर्टवाले येतत, मागीर आग लागता."

"आजी, तुम्हाला उलट म्हणायचंय का?"

"उलटा कित्या म्हणान? माझे डोळे बरे आसत. काल इले, माझ्याकडे चाय घेतल्यांनी, टी-शर्टां नीट केल्यांनी. मगे धूर."

अशी खबर मिळाल्यावर पोलिसाला खुर्चीत बसवत नाही. हवालदारांना घेऊन सड्यावर गेलो, दोन पंच बोलावले आणि जागेचा पंचनामा केला. जळालेला भाग चौकोनी होता. सरळ चौकोनी. चारी बाजूंनी गवत कापून पट्टी मोकळी केलेली आणि ती पट्टी पाण्याने भिजवलेली. इतकी शिस्तीत लागलेली आग मी आयुष्यात पाहिली नव्हती.

हवालदार म्हणाले, "साहेब, चार रेघा मारल्या तर कबड्डीचं मैदान होईल."

गुन्ह्याच्या तपासात आम्ही आधी विचारतो, फायदा कुणाचा? इथे उत्तर वर्तमानपत्रातच छापून येत होतं. डॉक्टरांना फोटो हवा होता, फोटोसाठी आग हवी होती. प्रकरण सरळ दिसत होतं. तरी एक गोष्ट मनात टोचत होती. स्वतः आग लावून नाव कमावणारा माणूस एवढी काळजी घेत नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. नगरपरिषदेने बंबासाठी पत्र्याची शेड बांधली होती, पण बंब कधीच शेडमध्ये नसे. तो चर्चकडच्या उताराच्या माथ्यावर उभा असायचा. अग्निशमन दलाच्या प्रमुखांना मी एकदा कारण विचारलं. धिप्पाड माणूस, झुपकेदार मिशा, पण खालमानेने बोलणारा.

"शेडीत उकाडो जाता, साहेब."

"बंबाला उकाडा होतो?"

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते कामाला लागले. मी तेव्हा विषय सोडला.

मी क्लबच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या एका सभासदाला जबाबासाठी बोलावलं. प्रमुखांनाही त्यांच्या माणसांसह बोलावलं आणि बंबाची पाहणी करायची म्हणून तोही ठाण्याच्या आवारात मागवून घेतला. क्लबच्या सचिव निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून 'आम्ही घरी येतो' असा निरोप धाडला. त्या स्वतःच चालत आल्या. सगळ्यांचे मोबाइल ठाणे अंमलदाराच्या खणात ठेवले, म्हणजे आपसात निरोप जायला नकोत.

आधी डॉक्टर.

"साहेब, आम्ही समाजाचं ऋण फेडतो."

"काडेपेटीने?"

त्यांचे ओठ मिटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यानंतर ते उघडलेच नाहीत.

मग सभासद. खाडीच्या तोंडावर त्याचं होमस्टे होतं. मी जबाबाचा कागद पुढे ओढला एवढ्यातच तो सुरू झाला. "साहेब, वरची खोली परवानगीशिवाय बांधलीय, मान्य आहे. लाइफ जॅकेटं फाटकी आहेत, तीही बदलतो. त्या दिवशी पर्यटकांना सुरमई सांगून दुसरा मासा वाढला, तोसुद्धा मीच."

"मी आगीबद्दल विचारतोय."

"आगीचा माका काय एक म्हायत नाय!"

इतका वेळ शुद्ध मराठीत बोलणारा माणूस एकदम मालवणीवर आला. घाबरलेला माणूस घरच्या भाषेत शिरतो. हे मी प्रत्येक जिल्ह्यात पाहिलं आहे. याला काहीतरी नक्की माहीत होतं.

मग सचिवबाई. ख्रिस्ती घरातल्या, कडक इस्त्रीची साडी, पांढरे केस. सारं गाव त्यांना 'टीचर' म्हणे. त्या आत येताच माझे हवालदार खाडकन उभे राहिले. माझ्यासाठी ते इतक्या चपळाईने कधी उठले नव्हते.

"बस रे. आणि वरचं बटण लाव," टीचर म्हणाल्या. हवालदारांनी बटण लावलं. नकळत मीही माझं चाचपून पाहिलं.

"टीचर, आगी कोण लावतं?"

"साहेब, मी खोटं बोलत नाही. आणि खरं न सांगण्याचा शब्द दिलाय. तेव्हा तुम्ही विचारत राहा, मी तोवर माळ जपते."

त्यांनी पर्समधून जपमाळ काढली आणि डोळे मिटले. सोबत बसलेल्या महिला शिपायाने माझ्याकडे पाहिलं. अट्टल घरफोड्याला बोलतं कसं करायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. याचं प्रशिक्षण नव्हतं.

शेवटी प्रमुखांना आत घेतलं. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच ठाणे अंमलदार धावत आला.

"साहेब, बंदराजवळच्या वाडीत मांगर पेटलाय, सामानाची खोप! आत जाळी आहेत, नारळाची सुकी सोडणं आहेत आणि होडीच्या डिझेलचे कॅन आहेत. भिंतीला भिंत लागून घरं!"

"अग्निशमनला फोन लाव."

"साहेब, ते सगळे इथेच बसलेत."

"मग क्लबला कळव."

"तेपण इथेच."

मी प्रमुखांकडे वळलो. "चला, बंब काढा." ते उठले नाहीत.

"साहेब, गाडी चालू होणा नाय."

"म्हणजे?"

"सेल्फ मेलो तिचो. कधीचोच. जुना मॉडेल, पार्ट मिळणा नाय. उतारावरसून सोडली तरच चालू होता. आणि हयसर उतार खंय आसा?"

बंब उताराच्या माथ्यावर का उभा असतो ते एका क्षणात उलगडलं, पण नवल करायला वेळ नव्हता. मी बाहेर येऊन ओरडलो, "सगळे या! ढकला!"

आरोपी, पोलीस, फायरमन, सगळे बंबाला भिडलो. बंब पाण्याने गच्च भरलेला. हालेना. तेव्हा टीचर पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला. "एक साथ! एक, दोन, तीन!" बंब हलला. आवाराबाहेर पडून भर बाजारातून आम्ही तो रेटत नेला. दुकानदार आधी हसले, मग गल्ला सोडून धावत आले. मासळीवाल्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि मागून खांदा दिला. एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "जोर लावा हो साहेब, नुसतो हात ठेव नकात!" बाजाराच्या टोकाला बंबाला खोकल्याची उबळ आली, काळा धूर निघाला आणि इंजिन धडधडलं.

वाडीत पोचलो तेव्हा मांगराच्या छपरातून ज्वाळा निघत होत्या. शेजारच्या घराचा वासा धुमसू लागला होता आणि त्या घरातली माणसं हातात सापडेल ते घेऊन बाहेर धावत होती. मग मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. क्लबवाल्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. होमस्टेवाल्याने ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि वाकून डिझेलचे कॅन बाहेर ओढले. दातांच्या डॉक्टरांनी पाइपाचं तोंड काखेत धरून पाय रोवले आणि धुमसणारा वासा आधी भिजवला. टीचरनी घराघरातून म्हातारीकोतारी माणसं बाहेर काढून ओळीत उभी केली. आणि खालमानेने बोलणारे प्रमुख? त्यांचा आवाज समुद्रावर जात होता. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, "साहेब, बाजूक व्हा, पाण्याच्या मधी येव नकात!" मी निमूट बाजूला झालो.

मांगर गेला. घरं वाचली. कुणाला ओरखडाही आला नाही.

ओल्या पाइपाच्या वेटोळ्यावर बसून प्रमुखांनी मला सगळं सांगितलं. गाडीचं दुखणं त्यांनी वर कळवून पाहिलं होतं. उत्तर यायचं, 'बघू.' आग लागली आणि बंब पोचलाच नाही तर गाव काय म्हणेल, या विचाराने ते खंगत चालले होते. शेवटी शाळेत ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या टीचरकडे गेले. बंब येईपर्यंत आग रोखून धरायला टीचरनी आपला क्लब उभा केला. सभासदांच्याच जमिनीवर, चौकोन आखून, आग लावायची आणि विझवायची, असं त्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. बोभाटा झाला तर बंबाचं बिंग फुटेल, म्हणून कुणी कुठे बोलायचं नाही, असा शब्द टीचरनी सगळ्यांकडून घेतला होता. तो सगळ्यांनी पाळला. फक्त डॉक्टरांना फोटोचा मोह आवरला नाही.

डॉक्टर शेजारीच उभे होते, काजळलेल्या तोंडाने. "मी बोललो नव्हतो, फक्त फोटो दिले होते," ते म्हणाले. टीचरनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेवढी शिक्षा पुरेशी होती.

गंमत अशी, की त्या खऱ्या आगीचा क्लबकडून एकही फोटो गेला नाही. त्यांचे मोबाइल माझ्या ठाण्याच्या खणात होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीसोबत वर्तमानपत्राने जुनाच फोटो छापला, चौकोनी गवताचा.

आजींच्या खबरीवर मी चौकशी करून 'गुन्हा घडलेला नाही' असा अहवाल दिला. यापुढे असं प्रशिक्षण नगरपरिषदेच्या लेखी परवानगीनेच करायचं, अशी क्लबला समज दिली. बंबाबद्दल मला काहीच लिहावं लागलं नाही. पोलीस निरीक्षक भर बाजारातून बंब ढकलताना साऱ्या गावाने पाहिल्यावर 'बघू' म्हणायची सोय उरली नव्हती. पावसाळ्याच्या आत नवी गाडी आली.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. माणूस गुन्हा लपवतो तो भीतीपोटी, आणि कधी ना कधी चुकतो. पण लाज लपवतो तेव्हा तो जिवाचं रान करतो, आणि लांबून ते हुबेहूब गुन्ह्यासारखं दिसतं. त्यानंतर कुठल्याही संशयिताला मी 'तू काय केलंस' हे विचारण्याआधी 'तुला कशाचा त्रास होतोय' असं विचारू लागलो. पुष्कळ तपास त्याने लवकर संपले.

माझी बदली झाली तेव्हा प्रमुख मला सोडायला एसटी स्टँडवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "साहेब, सगळ्यांका कळला ता बरा झाला. आता माका झोप लागता."