कपाळावरच्या आठ्या

सकाळी सलून उघडून वस्ताद आधी स्वतःचीच दाढी करायला बसले. गिऱ्हाइकाला सांगतात तसं आरशाला म्हणाले, "गाल फुगवा." उजवा गाल फुगेना. ओठाच्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून गेली.

गेल्याच महिन्यात शेजारच्या शिंप्याचं तोंड असंच वाकडं झालं होतं. चेहऱ्याची नस सुजली होती, औषधाने बरा झाला. त्याची दाढी वस्तादच करत, त्यामुळे त्याचं अर्धं कपाळही इस्त्री फिरवल्यासारखं सपाट पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी भुवया उंचावल्या. कपाळभर आठ्या पडल्या, दोन्हीकडे. म्हणजे आपलं दुखणं शिंप्याच्या निम्मंच. जीव भांड्यात पडला.

तरी डबा घेऊन आलेल्या बायकोने त्यांना ओढतच कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"कपाळ शाबूत आहे बघा," वस्ताद बोबड्या जिभेने म्हणाले.

"तेच नको होतं," बाई म्हणाल्या. "नस सुजली की बहुतेक कपाळही थांबतं. तुमचं कपाळ हलतंय, म्हणजे बिघाड मेंदूत असावा. डोळे मिटा, दोन्ही हात समोर धरून ठेवा."

वस्तादांनी हात ताठ धरले. बाई फोनवर रुग्णवाहिका मागवत होत्या.

"धरलेत ना नीट?" वस्तादांनी विचारलं. मग त्यांनी डोळे उघडले. समोर डावा हात एकटाच होता. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तारा फिरवणारा उजवा हात केव्हाच मांडीवर येऊन पडला होता.