आबांच्या मचव्यावरचं गूळखोबरं

परवा महाडला डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला आणि जरा हळू आवाजात विचारलं, "घरात आधी कुणाला डायबेटिस होता का?"

मी एकदम ताठ बसले. म्हटलं, "होता तर! माझ्या आजोबांना... आणि तो अंगात घेऊन ते समुद्रावर जायचे." मधुमेहाचा असा तोरा डॉक्टरांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा.

आमचे आबा महाडजवळच्या डोंगरातल्या कापडे गावचे. भाताच्या खाचरांत वाढलेला माणूस, पण मालाच्या शिडाच्या मचव्यावर गेला आणि तांडेल झाला, म्हणजे मचव्याचा कप्तान. एकोणीसशे तीस-पस्तीसचा काळ... महाडला हिरडा, तांदूळ भरायचा, सावित्री नदीतून बाणकोटला समुद्रात बाहेर पडायचं आणि मुंबई गाठायची. डोंगरातल्या माणसाला समुद्र काय कळणार म्हणून हसणारे व्यापारी पुढे त्यांच्याच मचव्यावर माल चढवायला धडपडायचे, हे बाबा फार रंगवून सांगत.

ऐन उमेदीत आबांना हा आजार निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली. काचेची सिरिंज उकळायची, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची... आणि हे सगळं हलत्या मचव्यावर! मचव्याचा मालक म्हणाला, आजारी माणसाच्या हाती सुकाणू देणार नाही.

तेव्हा खलाशी पुढे आले. डोलकाठीवर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, तांडेलाच्या तोंडात गोडाचा कण जाऊ देणार नाही. मालक कसाबसा तयार झाला, पण काही झालं तर तांडेलकी गेलीच, असं बजावून.

मग काय पहारा बसला म्हणता... चहा बिनसाखरेचा, गुळाचा डबा फळीखाली लपवलेला. आमच्या आजीनेसुद्धा त्यांना इतकं धाकात ठेवलं नव्हतं.

एकदा मुंबईहून परत येताना बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी वारा चढला. आबांनी सकाळी सुई घेतलेली, पण लाटांमुळे चूल पेटेना आणि पोटात काही नाही. बघता बघता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. आज आपण म्हणतो ना, शुगर लो झाली... तेच. खाडीच्या तोंडाशी वाळूचे उंचवटे, त्यातून जायची वाट नीट ठाऊक फक्त आबांना.

आबा म्हणाले, "गूळ... गूळ द्या रे!"

कुणी देईना! उलट एक जण डब्यावरच जाऊन बसला. "तांडेल, मागू नका हो... आमी शपथ घेतलीय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. बिचाऱ्यांना वाटलं, आजारच गोड मागतोय.

महाडचे हसनभाई म्हणून एक जुने खलाशी होते. ते उठून मचव्याच्या पुढच्या टोकाशी गेले. निघताना देवाला दाखवलेलं गूळखोबरं तिथे ठेवलेलं असायचं. मूठभर घेऊन आले आणि म्हणाले, "शपथ गोडाची हाय रे, परसादाची नाय. परसादाला नाय म्हनायचं नसतं, येवढं मला पन ठाव हाय."

हे ऐकून डब्यावर बसलेलाच पहिला उठला, आबांना पाठीशी आधार द्यायला.

आबांनी प्रसाद चघळला. थोड्या वेळाने नजर ठरली, हाताचा कंप गेला. मग त्यांनी सुकाणू धरलं आणि मचवा अलगद खाडीत घेतला.

बंदरात मालकाच्या कानावर सगळं गेलंच. त्याने एवढंच विचारलं, "मचवा आत कुनी आनला?"

"तांडेलानं!" सगळे एका आवाजात.

विषय संपला. आबा पुढे कित्येक वर्षं तांडेल राहिले. बदल एकच झाला... देवाचा प्रसाद पुढच्या टोकाला ठेवायचं सोडून सुकाणूपाशी ठेवायला लागले.

तर परवा डॉक्टर म्हणाले, "गोळी चालू करतोय. बाहेर जाताना जवळ काहीतरी गोड असू द्या." घरी आले, डबीत गूळखोबरं भरलं आणि पर्समध्ये टाकलं. सून ओरडलीच, "आई! डायबेटिस निघालाय आणि गूळ?"

म्हटलं, "गूळ नाही गं, प्रसाद आहे... हसनभाईंनी दिलेला."