पुतळाबाईची रास

तळवलीच्या पुतळाबाईला सत्तराव्या वर्षी कलाकृतीत बसवलं, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. मुलगा प्रीतम खारघरच्या एका कॉलेजात कंत्राटी क्लार्क. तिथल्या मोठ्या साहेबांनी त्याला कायम करायचं मनावर घेतलं होतं, आणि साहेबांकडेच आली होती फिलिपिन्सची चित्रकार पाहुणी, लिगाया. तिच्या बेटावर समुद्रात भिजवलेली नारळाची सोडणं जाळत, त्या राखेचं पाणी मडक्यात आटवून मीठ काढत. आजोबांनंतर घरात ते कोणी केलं नाही. ते दुःख तिने कॉलेजच्या दालनात मांडलं होतं: वर टांगलेली फुटकी मडकी, खाली भुईभर मीठ, आणि त्यावरून लोकांनी चालायचं. कोपऱ्यात एक खरीखुरी मीठवाली हवी होती. प्रीतमने आई दिली.

"पंधरा दिस बस, आये. माजे नोकरीचा प्रश्न हाय."

बसली बिचारी. चाळीस वर्षं मिठागरात राबलेली बाई. उतरताना मिठाला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि एकदा रास झाली की तिच्यावर पाय द्यायचा नाही, हा तिथला कायदा. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हेही तिला पक्कं ठाऊक. इथे पोरंपोरी चपला घालून करकर चालत, फोटो काढत. उठावं तर पोराची नोकरी, बसावं तर हे पाप. तिला घास गिळवेना.

सहाव्या दिवशी दालन जेवणासाठी बंद झालं आणि तिला राहवलं नाही. शोभेला मांडून ठेवलेली मिठागरातली लांब दांड्याची फळी उचलून तिने भुईवरचं सगळं मीठ ओढलं आणि मधोमध टोकदार रास घातली. हात जोडले. सहा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

दार उघडलं. प्रीतमचा चेहरा पांढराफटक. "आये, ह्या काय केलास!"

लिगाया मात्र राशीपुढे गुडघे टेकून ढसाढसा रडली. मग पुतळाबाईचे हात धरून बरंच काही बोलली.

"काय बोलते रं ती?"

"लय आवडला तिला. रोज असाच करा बोलते, लोकांसमोर. साहेब पन खूश. आता महिनाभर चालवनार."

"रोज? आनि मीठ?"

"सकाली परत पसरवू."

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा त्याच मिठावर वाढवलेला तिचा प्रीतम बूट घालून राशीत उभा होता आणि फावड्याने मीठ उधळत होता.