भावानं लावलेली कडी

“ऐका हो पाहुणे, आमच्या सूनबाईले पळून जाचं हाय!”

मामाजी, म्हंजे माहा सासरा, समोरच्या सपरीत, ओसरीवर बसून असे ओरडले अन् सारी सपरी हासली. भाऊबीज होती. आमच्या भंडाऱ्याकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार नाचते, पाहुण्याइनं घरं भरतात. त्या दिवशी आमच्याच गावची मंडई होती. मी रांधणीच्या दारात उभी, हात बेसनानं भरलेले. पळून जाची गोष्ट मी जगात एकाच माणसाले सांगतली होती. तो माणूस मामाजीच्या बाजूले बसून, खाली मान घालून चहा पिऊन राहिला होता. माहा पाठचा भाऊ.

मी नाकाडोंगरीकडची. बाप लवकर गेला. माय, मी, भाऊ अन् धानाच्या चार बांध्या. शहापूरच्या अलीकडं, मोठ्या सडकेच्या गावात, राईस मिलवाल्याच्या घरी मले देलं तवा सारे म्हणत, पोरीचं नशीब फळफळलं. नशीब! त्या घरची सून समोरच्या दारातून बाहेर जात नाही. विहीर अंगणात, न्हाणी अंगणात. एकदा मागच्या कुंपणावरून शेजारणीशी बोलली, तं सासूनं धानाच्या खोलीत दिवसभर कोंडलं. मंग तीच रीत झाली. भाजीत मीठ जास्त पडलं, कोंडा. पोर होत नाही, कोंडा. नवऱ्याले सांगतलं तं म्हणे, “घरातच हायस नं? जेलात थोडी हायस!”

अन् जेल तं त्या घरात रोजचा विषय. मामाजी आणीबाणीत आत जाऊन आले होते. सुटले तवा गावानं हार घालून मिरवणूक काढली. येईल त्या पाहुण्याले ते सांगत, “माणसाले कोंडणं, याच्यापेक्षा मोठं पाप नाही.” हे वाक्य मी धानाच्या खोलीत, पोत्यावर बसून, बंद दाराआडून ऐकलं हाय. खोटं सांगत असन तं जीभ झडो माही.

राखीले भाऊ आला तवा मी त्याचा हात धरला. म्हटलं, “बाबू, भाऊबीजेले मले घेऊन जा अन् परत आणू नको. मी चिखलात धानाचे परहे लावीन, बिड्या वळीन. तुह्यावर भार नाही होणार.” त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. “तुही शपथ, बाई.” त्या शपथेवर मी दिवस काढले. सासू मारे तरी हासू यायचं मले. गाठोड्यात दोन लुगडी बांधून तयार ठेवली होती.

अन् हा येऊन सपरीत बसला अन् सारं ओकला. मामाजीनं त्याले मिलवर नोकरी कबूल केली होती, हे मागाहून समजलं.

“आत हो व,” सासू म्हणे. मी हालली नाही. तं भाऊच उठला. माहा दंड धरून धानाच्या खोलीत नेलं अन् बाहेरून कडी लावली. माह्या भावानं! ज्याले मी कडेवर घेऊन वाढवला, त्यानं. सासूनं कोंडलं तवा राग आला होता. नवऱ्यानं ऐकलं नाही तवा रडली होती. ह्या वेळी ना राग आला, ना रडू. नुसती थंड पडली मी.

बाहेर दंडारीचा ढोल वाजून राहिला होता. पंगत उठली. मामाजीनं जेलाची गोष्ट काढली. मंग कोण्यातरी पाहुणीनं विचारलं, “अन् भावाले ओवाळलं का सूनबाईनं?”

झाली पंचाईत! भाऊबीजेले बहिणीच्या घरून भाऊ न ओवाळता गेला तं अपशकुन, अन् वरून पाहुण्यासमोर शोभा. सासू म्हणे, “काढा तिले. ओवाळू द्या. मंग टाका परत आत.” गाय दोहण्यापुरती सोडतात तसं.

भाऊ सपरीत पाटावर बसला होता, डोक्यावर टोपी. सासूनं माह्या हातात ताट देलं. त्यानं कपाळ पुढं केलं अन् हासला. हासला, बेशरम!

मी ताट खाली ठेवलं.

“मी ओवाळत नाही. ज्यानं कोंडलं त्याले मी ओवाळत नाही.”

मामाजी हळूच म्हणाले, “सूनबाई, पाहुणे हायेत.”

“म्हणूनच बोलून राहिली. तुमी सुटले तवा गावानं हार घातले. मले हार नको. बाजूले सरा.”

मंडईचा दिवस, समोरचं दार सताड उघडं. पाहुण्यासमोर, भरल्या सडकेसमोर सुनेले ओढून नेणं त्यांच्या इज्जतीत बसत नोहोतं. कोणी हात लावला नाही. गाठोडंही घेतलं नाही मी. अनवाणी, डोकं उघडं, शिंगाड्याच्या दुकानाइच्या मधून थेट सडकेवर आली अन् भंडाऱ्याचा रस्ता धरला.

भाऊ मागं धावत आला. “बाई, परत चाल! लोक काय म्हणतीन? मायले काय सांगू?”

“सांग का कडी तू लावली होती.”

तुमाले वाटन, मंग सारं ठीक झालं. कायचं ठीक! बिड्या वळल्या, दुसऱ्याच्या बांध्याइत चिखल तुडवला, उपाशी झोपली. माय मेली तवा मले कळूही देलं नाही. भाऊ त्याच मिलवर दिवाणजी झाला. दरसाली निरोप धाडते, झालं गेलं विसर, ओवाळायले ये. मी निरोप्याले चहा पाजून वापस लावते. माह्या हातचं कुंकू त्याच्या कपाळाले लागणार नाही. मेला तरी नाही.

औंदाचा निरोप्या बोलता बोलता सांगून गेला, नवऱ्यानं दुसरी केली. कोवळी पोर हाय. तिलेही धानाच्या खोलीत घालतात म्हणे.

तिचं नावही मले माहीत नाही. पण येत्या मंडईले मी त्या घरी जाणार हाय, पाहुण्याइनं भरल्या सपरीत, समोरच्या दारातून. तिले आणायले.