लेथवाल्यावर घेतलेला आळ

आमच्या चौकात ब्रेकचं काम करणाऱ्या मेकॅनिकला सगळे चटकेराव म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. गाडी आली की ते स्वतः चालवत चौकाला एक फेरी मारून आणायचे, खाली उतरायचे आणि चारही चाकांजवळ उजव्या हाताची मागची बाजू नेऊन बघायचे. जे चाक जास्त तापलेलं, तिथं हात नको इतका जवळ जायचा आणि तोंडातून "स्स!" निघायचं. गिऱ्हाईक समजायचं, रोग सापडला. मी शेजारच्या गाळ्यात सीटकव्हरं शिवायचो, त्यामुळे दिवसाला पाच-सहा 'स्स' मला फुकटात ऐकायला मिळायचे. एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, "अहो, साधं थर्मामीटर का घेत नाही?" तर म्हणाले, "तुमचे पेशंट बोलतात तरी. माझे सगळे मुके. मुक्याला हातच लावून बघावा लागतो."

आणि खरं सांगतो, त्यांचा हात क्वचितच चुकायचा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय म्हटलं की ते चाक उतरवून आतली लोखंडी डिस्क काढायचे आणि रस्त्यापलीकडे पाठवायचे. तापून वाकडी झालेली डिस्क तिथं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कातायच्या यंत्रावर, घासून सपाट करून मिळे. लेथवाला म्हणजे चटकेरावांच्या बायकोचा थोरला भाऊ. दोघांची दुकानं एकमेकांच्या जिवावर चालायची आणि दोघांची तोंडंही.

"मेहुणे, डिस्क घासायला दिलीय, अंगठी घडवायला नाही!"

"दाजी, तुम्ही चौकात हिंडून येता, तेवढ्यात माझ्या दोन होतात!"

असं दिवसभर चालायचं. आमची करमणूक.

मग ती पांढरी टॅक्सी आली. तिचा मालक रोज डोंगरावरच्या वस्तीत माणसं सोडून घाट उतरून यायचा. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचतं, ही तक्रार. चटकेरावांनी फेरी मारली, पुढचं उजवं चाक जरा गरम लागलं, पुढच्या दोन्ही डिस्क लेथवाल्याकडून घासून घेतल्या. गाडी लोण्यासारखी चालली. तीन आठवड्यांनी टॅक्सी हजर, तीच थरथर. पुन्हा घासल्या. पुन्हा तीन आठवडे.

वहिनी, म्हणजे चटकेरावांची बायको, दुकानात ब्रेकचे पॅड आणि बोल्ट विकायला बसायच्या. दुसऱ्या खेपेलाच त्या म्हणाल्या, "अहो, दोन्ही डिस्क दादानंच घासल्या ना? मग दर वेळी उजवीच का वाकडी होते? डावी का नाही?"

"तू पॅड मोज," चटकेराव म्हणाले.

कान देऊन ऐकावं असं तेवढं एकच वाक्य त्या दिवसांत कोणी बोललं असेल, तर ते वहिनींचं. पण ते मला आज कळतं.

तिसऱ्या खेपेला टॅक्सीवाला भडकूनच आला. चौकात सात-आठ जण होते, मीही सुई-दोरा हातात घेऊन बाहेर आलो होतो. लेथवाल्याचे हात वर्षभरापासून थोडे कापायचे. चहाचा कप धरला की बशी वाजायची. लेथवर मात्र त्याचं काही अडत नव्हतं, कारण तिथं हत्यार यंत्रानं घट्ट धरलेलं असतं. हे चटकेरावांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते रस्त्यापलीकडे बघून ओरडले, "अहो, डिस्क कशाची थरथरतेय! आमच्या मेहुण्यांचा हात थरथरतोय, तोच डिस्कमध्ये उतरतोय!"

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य झकास होतं ना.

लेथवाल्यानं यंत्र बंद केलं.

टॅक्सीला नवी डिस्क बसवली, ती परत आली नाही. म्हणजे निदान बरोबर, असंच सगळ्यांनी धरलं. हळूहळू लोक डिस्क स्टेशनमागच्या लेथवर पाठवू लागले. सहा महिन्यांत लेथवाल्यानं यंत्र विकलं आणि लेकीकडे राहायला गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी तीच टॅक्सी घाट उतरून थेट दारात आली. उजव्या चाकातून धूर. टॅक्सीवाला म्हणाला, "नवी डिस्कही महिन्यात थरथरली. म्हणून तुमच्याकडे येणं सोडलं होतं. दुसऱ्यानंही दोनदा बदलली. आज इथंच जवळ चाक धुमसलं म्हणून आलो."

चटकेरावांनी जॅक लावला. ब्रेकवर कोणाचा पाय नव्हता, तरी चाक हलेना. चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप असतो. त्याच्या वरच्या टोकाचा जोड त्यांनी सैल केला, काही नाही. मग चाकाजवळची, तेल सोडायची छोटी निप्पल सैल केली आणि गरम तेलाची चिळकांडी उडाली, चाक मोकळं फिरलं. म्हणजे तेल मध्येच अडकत होतं. त्यांनी पाइप काढून चाकूनं उभा चिरला. बाहेरून नव्यासारखा, आतून रबर फुगून सुईएवढं भोक राहिलेलं. पाय दाबला की तेल पुढं जायचं, पाय काढला की मागं यायचं नाही. पॅड डिस्कला चिकटून राहायचे, डिस्क तापायची, वाकायची. घाटात पाइप तापला की हे व्हायचं. चौकाच्या एका फेरीत कसलं कळणार!

त्यांनी तो चिरलेला पाइप पुसून फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं लेथवाल्याकडे गेली. वहिनींनी मला जसं सांगितलं तसं लिहितो. चटकेरावांनी पाइप पुढं ठेवला. "मेहुणे, चूक माझी होती. तुमचं काम चोख होतं."

लेथवाल्यानं पाइप उलटसुलट करून बघितला. "मला माहीत होतं, दाजी. मी घासलेली डिस्क मला माहीत नसेल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"लोक हसत होते. त्यात काय बोलायचं?" मग म्हणाला, "हे मला कशाला सांगता? चौकात सांगा."

"तुम्ही चला. तुमच्यासमोर सांगतो."

"आता तिथं माझं काय आहे? जेवून जा."

चटकेराव परतले ते सरळ चौकातल्या चहाच्या टपरीपुढे उभे राहिले. पाइप वर धरला आणि मोठ्यानं सगळं सांगितलं, स्वतःची चूक, बायकोचा प्रश्न, तो विनोद, सगळं. बाकावर पाच-सहा जण होते. मी सोडून त्या दिवशीचं कोणीच नव्हतं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, नाही असं नाही.

नवा चहावाला गाळणी झटकत म्हणाला, "कोणता लेथवाला, मामा? इथं लेथ होतं?"

चटकेरावांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथं मोबाइलचं दुकान होतं.